अतिथी आणि अभ्यागत

मुंबईकराला ‘शेरीफ’ हा शब्द नवा नाही. मराठीत त्यालाच आपण नगरपाल म्हणतो. वर्षभराचे मानाचे पद. १९८० साली ते दिलीपकुमारांकडे होते, १९९४ साली सुनील गावसकरांकडे. शहराच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत करावे, थोर माणूस गेला तर शोकसभा बोलवावी, असे त्या कामाचे स्वरूप. समन्स बजावण्याचे आणि जप्तीचे काम त्याच्या नावाने चालते, पण ते कार्यालयातले कर्मचारी पाहतात. नगरपालाच्या हाती ना बंदूक, ना कोठडीची किल्ली. हे पुस्तक उघडणाऱ्याने ते चित्र आधी बाजूला ठेवावे, कारण पुढच्या पानांतल्या शेरीफच्या कमरेला दोन्ही आहेत.

लॉस एंजेलिस काउंटी म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जिल्ह्यासारखा मुलूख. वस्ती सुमारे १ कोटी. त्यात लहानमोठी ८८ शहरे. लॉस एंजेलिस हे त्यांतले एक. त्या शहराचे पोलीस दल वेगळे. चित्रपटांत दिसते ते बहुधा तेच. पण चाळीसहून अधिक शहरांनी स्वतःचे पोलीस न ठेवता शेरीफच्या खात्याशी करार केला आहे, आणि जो भाग कुठल्याच शहरात मोडत नाही तोही त्याच्याच अखत्यारीत येतो. आर्टेशियात पायोनिअर बुलेव्हार्डवर साड्या, मिठाई आणि पोह्यांची पाकिटे घ्यायला जाणाऱ्या मराठी माणसाला जी गस्तीची गाडी दिसते ती शेरीफची असते. १८५० साली सुरू झालेले हे खाते आज अमेरिकेतले सर्वांत मोठे शेरीफ खाते आहे, आणि काउंटीचे तुरुंगही तेच चालवते.

आपल्या डोळ्यांपुढे हे आणायचे तर असे धरून चालू. जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक सरकारने नेमलेला नाही. तो दर काही वर्षांनी मते मागून निवडून येतो. त्याची बदली होत नाही, त्याच्यावर वरिष्ठ नाही. जिल्हा कारागृहही त्याच्याच ताब्यात. त्याच्याच माणसांनी पकडायचे, त्याच्याच माणसांनी कोंडून ठेवायचे, आणि कोठडीत मारहाण झाली तर तिची चौकशीही आधी त्याच्याच खात्याने करायची. कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्यांपैकी बहुतेक ठिकाणी तर मृत्यूचे कारण ठरवणारा कॉरोनरही शेरीफच असतो. लॉस एंजेलिसमध्ये ते काम वेगळ्या वैद्यकीय खात्याकडे आहे, हे त्यातल्या त्यात बरे. काउंटीचा कारभार पाच जणांचे निवडून आलेले पर्यवेक्षक मंडळ पाहते. शेरीफच्या खात्याला पैसा तेच मंजूर करते, पण त्याच्या तपासाच्या कामात आड येण्याची कायद्याने मंडळाला मुभा नाही.

आणि आत असतात कोण? आपण सगळ्यालाच तुरुंग म्हणतो. तिथे दोन प्रकार पक्के वेगळे आहेत. मोठी शिक्षा झालेले लोक राज्याच्या तुरुंगात जातात. काउंटीच्या तुरुंगात असतात ते काल पकडलेले, जामिनाचे पैसे न जमलेले, तारखेची वाट पाहणारे आणि थोडे छोट्या शिक्षेचे. थोडक्यात, त्यांतले पुष्कळसे कच्चे कैदी. अलीकडच्या वर्षांत ही संख्या १२-१३ हजारांच्या आसपास राहिली आहे, आणि तिच्यातला फार मोठा हिस्सा मनोविकाराने त्रस्त आहे. देशातले सर्वांत मोठे मनोरुग्णालय कोणते, या प्रश्नाला तिथले जाणकार या तुरुंगांचे नाव घेतात. ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे आणि ज्यांना आपले दुखणे नीट सांगताही येत नाही, अशा माणसांची ही गोष्ट आहे. हे मनात ठेवून पुढे वाचावे, अशी माझी विनंती आहे.

या विषयाकडे मी वळलो तो चुन्याच्या वासामुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका जिल्हा कारागृहावर अशासकीय अभ्यागत म्हणून माझी नेमणूक झाली होती. पहिल्या भेटीची तारीख आठवडाभर आधी कळवली गेली. गेलो तेव्हा भिंतींना ताजा चुना, फरशी अजून ओली, आमटीला फोडणी. कैदी रांगेत उभे होते. कोणाची काही तक्रार आहे का, असे मी विचारले तेव्हा तुरुंगाधिकारी माझ्या शेजारीच उभे होते. कोणाचीच तक्रार नव्हती. भेटवहीत मी ‘व्यवस्था समाधानकारक’ असे लिहिले आणि खाली सही केली. निघताना बराकीच्या कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने हलक्या आवाजात विचारले, “साहेब, पुढच्या खेपेला न कळवता याल का?” पुढच्या खेपेलाही मी कळवूनच गेलो. तसा रिवाज होता, आणि तो मोडायचे धैर्य मला झाले नाही. म्हातारा तेव्हा तिथे नव्हता. सुटला की दुसरीकडे हलवला, हे मी विचारलेसुद्धा नाही. ती सही मला आजही टोचते.

आपल्याकडे ‘अतिथी-अभ्यागत’ असे दोन शब्द एका दमात उच्चारले जातात, पण जुन्या लोकांना त्यांतला फरक ठाऊक होता. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. बोलावलेला, ओळखीचा, कळवून आलेला तो अभ्यागत. नियमांनी आम्हाला अभ्यागत म्हटले आणि आम्ही तसेच वागलो. तुरुंगाला खरी गरज अतिथीची असते. या साऱ्या पुस्तकात मला सांगायचे आहे ते एवढेच आहे, फक्त त्यासाठी एका परक्या काउंटीची पन्नास वर्षे उलगडावी लागली.

मुलीकडे काही महिने राहायला गेलो असताना शेरीफच्या खात्यावर देखरेख करणाऱ्या नागरी आयोगाच्या सभांना मी जाऊ लागलो. कोणाही नागरिकाला तिथे उठून बोलता येते. वेळ मोजकी मिनिटे. मुलाचा फोटो छातीशी धरून बोलणाऱ्या आया मी तिथे पाहिल्या. भाषणाची सवय नसलेल्या, घड्याळाकडे पाहत अडखळणाऱ्या, वेळ संपल्याची सूचना आली तरी वाक्य पुरे करू पाहणाऱ्या. त्यांची मागणी शिक्षेची कमी आणि कागदाची जास्त होती. माझा मुलगा कोणत्या कोठडीत होता, किती वाजता कोणी डोकावले, औषध कधी दिले, हे लिहिलेला कागद मला दाखवा. आपल्याकडे कोठडीतल्या मृत्यूनंतर पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेली आई याहून वेगळे काही मागत नाही.

हा आयोग जन्माला यायला पाव शतक लागले. १९९१ साली लिनवूड ठाण्यातल्या ‘व्हायकिंग्ज’ नावाच्या डेप्युट्यांच्या गटाला एका संघीय न्यायाधीशाने नवनाझी, गोऱ्यांच्या वर्चस्वाची टोळी म्हटले. हे डेप्युटी म्हणजे शेरीफचे गणवेशातले शिपाई. पुढच्या वर्षी निवृत्त न्यायाधीश जेम्स कोल्ट्स यांचा अहवाल आला: बळाचा अवाजवी वापर होतो, शिस्त ढिली आहे, तक्रारींचा तपास नीट होत नाही. १९९३ पासून मेरिक बॉब या वकिलांनी दोन दशके खात्यावर सहामाही अहवाल लिहिले. २००१ मध्ये आणखी एक स्वतंत्र आढावा कार्यालय निघाले. ही माणसे कष्टाळू होती, अहवाल वाचनीय आहेत. पण त्यांना फक्त सल्ला देता येत होता. शेरीफने तो कपाटात ठेवला तर पुढे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

२०११ साली जे घडले ते मी या पुस्तकात सविस्तर दिले आहे, कारण त्यात सगळा रोग एका जागी दिसतो. मेन्स सेंट्रल जेल हा १९६३ चा तुरुंग. लांब, अंधाऱ्या ओळींचा, एका टोकाला उभे राहिले तर दुसऱ्या टोकाची कोठडी दिसत नाही असा. तिथल्या कैद्यांना डेप्युटी मारहाण करतात अशा तक्रारींचा छडा लावण्यासाठी संघीय तपास यंत्रणेने, म्हणजे एफबीआयने, एका कैद्यालाच खबऱ्या केले. एका डेप्युटीने लाच घेऊन त्याच्यापर्यंत मोबाइल पोहोचवला. फोन सापडला, आणि तो कोणाशी बोलतो हे खात्याला कळले. त्यानंतर खात्याने त्या कैद्यालाच दडवले. नोंदवहीतली नावे बदलली, त्याला इकडून तिकडे हलवले, एफबीआयला तो सापडू नये अशी तजवीज केली. दोन सार्जंट तपास करणाऱ्या महिला अधिकाऱ्याच्या घराबाहेर जाऊन थांबले आणि तुम्हाला अटक होऊ शकते असे तिला सांगितले. कायद्याचे रखवालदार कायद्यापासूनच लपत होते. शेरीफ ली बाका यांनी जानेवारी २०१४ मध्ये पद सोडण्याची घोषणा केली. त्यांचे उजवे हात पॉल टनाका यांना २०१६ मध्ये ५ वर्षांची, आणि खुद्द बाकांना २०१७ मध्ये ३ वर्षांची शिक्षा झाली. लाखो मतांनी वारंवार निवडून आलेला माणूस शेवटी स्वतः तुरुंगात गेला.

त्याच काळात, ऑक्टोबर २०११ मध्ये, पर्यवेक्षक मंडळाने तुरुंगातल्या हिंसेची चौकशी करायला सात सदस्यांचा नागरिक आयोग नेमला होता. सप्टेंबर २०१२ च्या त्याच्या अहवालात ६३ शिफारशी आहेत. एक गोष्ट मला त्या साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते. या खात्यात नवा डेप्युटी पहिल्यांदा रस्त्यावर जात नाही; नोकरीची पहिली वर्षे तो तुरुंगात काढतो. मेन्स सेंट्रलच्या मजल्यांवरून नावे पडलेले ‘२००० बॉइज’ आणि ‘३००० बॉइज’ हे डेप्युट्यांचे गट तिथेच तयार झाले. विशी-पंचविशीतला पोरगा माणसांशी वागायचे पहिले धडे अशा जागी घेतो जिथे समोरचा उत्तर देऊ शकत नाही, आणि तेच धडे घेऊन पुढे तुमच्याआमच्या गल्लीत गस्तीला येतो. तुरुंगातली गोष्ट तुरुंगातच राहते असे मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

२०१४ मध्ये स्वतंत्र महानिरीक्षकाचे पद निर्माण झाले. आपल्याकडच्या पोलीस महानिरीक्षकाशी त्याचे साम्य केवळ नावापुरते, कारण हा खात्याबाहेरचा माणूस. पूर्वी सरकारी वकील असलेले मॅक्स हंट्समन त्या जागी आले. जानेवारी २०१७ मध्ये नऊ सदस्यांच्या नागरी देखरेख आयोगाची पहिली सभा भरली. तरीही कोणाला हजर राहा, कागद आणा असे बजावण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. तो मतदारांनी दिला. मार्च २०२० मध्ये ‘मेझर आर’ हा प्रस्ताव ७० टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला आणि आयोगाला समन्स काढण्याचा अधिकार मिळाला. काही आठवड्यांतच त्याची कसोटी लागली. तुरुंगांत करोना पसरत होता, आणि त्यावर बोलायला या असे समन्स आयोगाने शेरीफ अलेक्स व्हियानुएव्हा यांना काढले. त्यांनी हजर राहायला नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले. मी लोकांनी निवडलेला आहे, मला लोकांखेरीज कोणी जाब विचारू नये, असा त्यांच्या वागण्याचा रोख होता.

हा युक्तिवाद वरवर लोकशाहीचा वाटतो आणि पुष्कळ चांगल्या माणसांना तो पटतो, म्हणून त्याला मी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिले आहे. माझे म्हणणे असे की मतदार चार वर्षांतून एकदा माणूस निवडतो. रात्री दोन वाजता कोठडीत काय झाले हे त्याला कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. न दिसलेल्या गोष्टीवर मत देता येत नाही. शिवाय देखरेखीचे अधिकार त्याच मतदारांनी, त्याच मतपेटीतून दिले होते. त्या काळातला संघर्ष वाचताना अंगावर काटा येतो. २०१९ मध्येच खात्याने महानिरीक्षकांवर फौजदारी तपास सुरू केला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये शेरीफच्या माणसांनी एका पर्यवेक्षक महिलेच्या आणि देखरेख आयोगाच्या एका सदस्येच्या घराची झडती घेतली. तो तपास पुढे राज्याच्या महाधिवक्त्यांनी आपल्याकडे घेतला. दोन महिन्यांनी मतदारांनी व्हियानुएव्हांना घरी बसवले, रॉबर्ट लुना यांना निवडले, आणि त्याच दिवशी ‘मेझर ए’ मंजूर करून सबळ कारण असल्यास चार-पंचमांश मतांनी शेरीफला काढण्याचा अधिकार मंडळाला दिला. पद गेल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये, व्हियानुएव्हा आयोगापुढे शपथेवर बोलायला आले.

दरम्यान मार्च २०२३ मध्ये डेप्युट्यांच्या टोळ्यांवरचा आयोगाचा अहवाल आला. त्याच्या शेजारी १९९२ चा कोल्ट्स अहवाल ठेवून मी दोन्ही वाचले. एकतीस वर्षांचे अंतर, आणि मुळातले दुखणे तेच. न्यायालयांतही असेच. १९७५ साली कैद्यांच्या वतीने दाखल झालेला रदरफर्ड खटला अजून जिवंत आहे. त्याच खटल्यात २०२२ मध्ये असे पुढे आले की तुरुंगाच्या दाखल-कक्षात माणसांना बाकांना आणि खुर्च्यांना साखळीने जखडून ठेवतात, लोक दिवसेंदिवस सिमेंटच्या जमिनीवर झोपतात. न्यायाधीशांना आदेशात तासांची मर्यादा घालून द्यावी लागली: चार तासांपेक्षा जास्त जखडायचे नाही, दाखल-कक्षात चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाही. ज्या समाजाला एवढे लिहून द्यावे लागते तिथे आधीचे किती अहवाल वाया गेले असतील, या विचाराने मी ते पान बराच वेळ उलटले नाही.

डेप्युट्यांची बाजूही मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. माणसे कमी, सक्तीचा जादा वेळ, मनोरुग्णांना सांभाळण्याचे पुरेसे शिक्षण नाही, इमारत जुनी. उघड्या दाराचा फायदा या लोकांनाही होतो. सहकाऱ्याने केलेल्या मारहाणीवर गप्प बसायला लावणाऱ्या दबावातून प्रामाणिक डेप्युटीला सोडवणारा बाहेरचा कोणी तरी लागतो. आयोगाचीही दुखरी जागा आहे. आयोगाला कायद्याचा सल्ला देणारा वकील काउंटीचा, मंडळाचा वकीलही तोच, आणि खात्यावर भरपाईचे दावे होतात तेव्हा काउंटीच्या तिजोरीचा बचाव करणाराही तोच. पर्यवेक्षक मंडळाला मी या गोष्टीत निर्दोष मानत नाही. देखरेखीचा उत्साह भरपाईच्या आकड्यांपाशी येऊन थबकतो, हे अनेकदा दिसले आहे.

या सगळ्या मोठ्या नावांत मला सर्वांत जवळचे वाटले ते सिबिल ब्रँड आयोगाचे काम. सिबिल ब्रँड या समाजकार्य करणाऱ्या बाईंच्या प्रयत्नांतून स्त्रियांसाठी वेगळा तुरुंग १९६३ मध्ये उभा राहिला. १९९४ च्या भूकंपानंतर तो बंद पडला, पण त्यांच्या नावाचा पाहणी आयोग राहिला. मंडळाने नेमलेले मूठभर नागरिक काउंटीच्या तुरुंगांत जातात, आणि आधी न कळवता जाऊ शकतात. संडास तुंबला आहे का, प्यायच्या पाण्याचा नळ चालतो का, कोठडीत कोणी अंघोळीविना किती दिवस आहे, हे पाहतात आणि लिहितात. त्यांच्या नोंदी वाचताना माझी ती ‘समाधानकारक’ अशी ओळ डोळ्यांपुढून हटत नव्हती.

हे अमेरिकेत जमते, आपल्याकडे कुठले, असे म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. १९८२ मध्ये पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बरसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात स्त्रियांच्या कोठड्या वेगळ्या असाव्यात, तिथे महिला पोलीस असाव्यात, असे निर्देश आहेत. त्यांतच आणखी एक निर्देश आहे: मुंबई शहरातल्या पोलीस कोठड्यांना एका सत्र न्यायाधीशाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, अधूनमधून अचानक भेट द्यावी. अचानक हा शब्द न्यायालयाने तिथे जाणीवपूर्वक घातला आहे. लॉस एंजेलिसमध्ये नागरी आयोग यायच्या चौतीस वर्षे आधी, एका मराठी शहरातल्या बाईच्या पत्रामुळे.

पुस्तकात कैद्यांची नावे दिलेली नाहीत. ज्यांची नावे वृत्तपत्रांत आली त्यांचीही मी गाळली. त्यांच्या आयुष्यात तुरुंगाखेरीजही पुष्कळ काही आहे. अधिकाऱ्यांची नावे दिली आहेत, कारण त्यांनी ते काम लोकांच्या नावाने केले. डेप्युटी, सुपरवायझर, मेझर असे शब्द पहिल्यांदा येतात तिथे उलगडून सांगितले आहेत आणि पुढे तसेच वापरले आहेत. घाई असेल त्याने तिसरे प्रकरण आधी वाचावे. दाखल-कक्षातले बाक तिथे आहेत.

मेन्स सेंट्रल जेल बंद करण्याचा ठराव पर्यवेक्षक मंडळाने जून २०२१ मध्ये केला. हे लिहीत असताना तिथे माणसे आहेत. पहिले प्रकरण त्या इमारतीच्या दारापासून सुरू होते.